विहिरीवरचा वाकलेला माणूस

इंदुताई अंगणवाडीतून रिटायर झाल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात प्रताप नगरात तेलरंगाच्या क्लासला जाऊन बसल्या. आता म्हणाल, या वयात हे काय खूळ? वाडीतल्या शेजारणीही तेच म्हणाल्या. पण बाईनं तीस वर्षं अंगणवाडीच्या भिंतीवर खडूनं मोर काढले होते आणि दर दिवाळीत ते चुन्याखाली गेले होते. आता त्यांना न पुसणारं काहीतरी काढायचं होतं.

केशव सर जुन्या चित्रांची नक्कल करायला लावून शिकवत. इंदुताईंच्या वाट्याला आलं ते असं: मागे टेकड्या, चिंचेचं झाड, पुढे विहीर. विहिरीवर एक बाई उंचावरून लोट्यानं पाणी ओततेय आणि खाली एक माणूस वाकून ओंजळीनं पितोय. नक्कल हुबेहूब उतरली तरच ती वर्षअखेरच्या प्रदर्शनात लागणार होती. आणि इंदुताईंना तिथे लागायचंच होतं, काय वाट्टेल ते होवो.

टेकड्या झाल्या. चिंच तीनदा खरवडली, चौथ्यांदा बसली. "घाबरायचं नाही," सर सांगत, "तेलरंग वाळू द्यायचा आणि वरून पुन्हा करायचं." विहीरही झाली. माणसांची जागा मात्र रिकामीच.

"राहू द्या ताई," सर एक दिवस म्हणाले. "माणसं सगळ्यांनाच जमत नाहीत."

झालं! इंदुताईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"जमत नाही म्हणून नाही सोडली सर. मले तो माणूस तसा वाकलेला काढावा वाटत नाही."

"नक्कल म्हणजे नक्कल, ताई."

सरांना वाटलं, बाई बहाणा करून राहिली. ते इंदुताईंना कळलं आणि जिव्हारी लागलं. कॅनव्हास स्कूटीवर बांधून त्यांनी घरी आणला, विहिरीवरची बाई आधी उरकली आणि मग बारा दिवस त्या माणसाच्या मागे लागल्या. गुडघे, पाठ, कोपर, ओंजळ, पाण्याची धार. केलाच शेवटी!

त्यांचे वडील, कवडूबाबा, कन्हानहून राहायला आले होते. चौऱ्याऐंशीचे. चष्मा पुसून त्यांनी चित्र पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "बराबर काढला वं इंदे! असेच वाकत होतो आम्ही. धम्मदीक्षा घ्यायच्या आधी, गावात. लोटा आम्हाले लागू नये म्हणून लांबून ओतत. अर्धं पाणी तं कोपरावरूनच जाय."

बाबा शाबासकी देऊन राहिले होते. इंदुताईंना मान वर करवेना.

सरांनी चित्र पाहिलं आणि टाळीच वाजवली. "समोरच्या भिंतीवर लावू!" इंदुताईंना आनंद झाला, खोटं कशाला बोला. घरी येताना त्यांनी पाव किलो संत्रा बर्फी घेतली.

पण रंग वाळला तशी त्यांनी पुन्हा पॅलेट काढली. वाकलेली पाठ चिंचेच्या सावलीत बुडवली. ओंजळ झाकली. त्या जागी माणूस ताठ उभा केला. विहिरीवरच्या बाईला दोन पायऱ्या खाली आणलं आणि एकच लोटा दोघांच्या हातात दिला, देणाऱ्या बोटांना घेणारी बोटं टेकलेली. त्या बोटांनी सहा दिवस खाल्ले.

"हे काय केलं ताई?" सर हळहळले. "आता ही नक्कल नाही राहिली. प्रदर्शनात नाही लावता येणार."

"माहीत हाये सर. नका लावू."

म्हणायला म्हणून गेल्या, पण परतताना डोळे भरून येत होते. वाईट वाटलं, फार वाटलं. घरी येऊन त्यांनी स्वतःच भिंतीत खिळा ठोकला.

कवडूबाबा कितीतरी वेळ चित्रासमोर उभे राहिले. मग त्यांचा हात हळूच वर गेला.

"बाबा, ओला हाये अजून..." इंदुताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. एरवी नातवंडं चित्राजवळ गेली तरी त्या खेकसत.

आज त्या बाजूला सरकल्या. बाबांनी लोट्याला बोट लावलं, नीट टेकवून लावलं. पितळी रंगात बोटाचा ठसा उमटला. तो इंदुताईंनी तसाच वाळू दिला.