खोब्रागडेसाहेबाचं कुलूप

किस्से काही कोणी मुद्दाम जमा करत नाही. आमच्या व्हॅनच्या मांगच्या सीटखाली जशी फाटकी ट्यूब, फुटकी बाटली अन् कोणाचा तरी एकटा हातमोजा पडून राहते, तसेच तेही पडून राहतेत. कोणी साफसफाईले बसलं की निघतेत. काल पोरगी म्हणे, "बाबा, हा काय कचरा जमवला?" मी म्हटलं, राहू दे, एकेकाची गोष्ट आहे.

ही व्हॅन आमच्या भिलाईच्या सायकल क्लबची. मी बोरकर. स्टील प्लांटातून रिटायर झालो अन् हिचा ड्रायवर झालो. रेसमध्ये पोरं पुढं, मी मांगं, स्पेअर चाकं घेऊन. माह्या बाजूले तिवारी कोच, मांगच्या सीटवर खोब्रागडेसाहेब. साहेब प्लांटात सेफ्टी डिपार्टमेंटले होते. या दोघायचं सगळ्या गोष्टीत पटते, फक्त एकीत नाही. सायकलवरून पडलेल्या माणसानं त्याच रेसमध्ये पुन्हा सायकलवर बसाचं का नाही? यावर ते इतके भांडलेत, का चहावाला आता कप समोर ठेवून लांब उभा राहते.

* * *

तिवारी कोचचं उत्तर सोपं आहे. कोणी पडलं की ते धावत जातेत अन् पहिले विचारतेत, "साइकिल ठीक है?"

एकदा अहिवारा रोडवर आमचा संदीप घसरला. तिकडं चुनखडीचे ट्रक चालतेत, रस्त्यावर खडी सांडून राहते. तिवारीनं वाकलेलं हँडल सरळ केलं, चेन चढवली, दोन्ही ब्रेक दाबून पाह्यले. संदीप म्हणे, "सर, खांद्यात काहीतरी कट् झालं."

"वो घर जाके देख लेना!"

पोरगा तसाच गेला अन् रेसमध्ये दुसऱ्या नंबरानं आला! ट्रॉफी घ्याले स्टेजवर चढला, तर हात वर होईना. मंग तिवारी मांगून गेले, त्याचा हात धरला अन् जोरात वर केला. संदीप असा ओरडला का माइकवाल्यानं माइक बंद केला. हसळीचं, म्हणजे गळ्याखालचं, हाड तुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, "जीत की खुशी में चीख पड़े संदीप." ते कात्रण त्याच्या आईनं फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं आहे.

* * *

तिवारी स्वतः म्हणे जवानीत तुटलेल्या मनगटानं रेस जिंकले होते. होळीपर्यंत गोष्टीत मनगट होतं. दिवाळीले त्याचा खांदा झाला. नवीन पोरायसमोर तर दोन बरगड्याही गेल्या.

एकदा त्यायच्याच घरी नाश्त्याले बसलो होतो. साहेबानं भाभीले सरळ विचारलं, "भाभी, पक्का क्या टूटा था?"

"दाँत," भाभी म्हणाल्या. मंग चहा ओतता ओतता म्हणाल्या, "वो भी रेस के बाद. सत्कार में चना खा रहे थे."

तिवारीनं मान वर नाही केली. "रेस तो जीता था न," म्हणे.

* * *

आता साहेबाचं. प्लांटात एक पद्धत आहे. बंद मशीन दुरुस्त कराले जो आत जाते, तो तिच्या स्विचले आपलं कुलूप लावते, वर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवते अन् चाबी खिशात टाकते. ज्यानं लावलं त्यानंच काढाचं. मोठा साहेब येवो का मंत्री येवो, दुसऱ्यानं हात लावाचा नाही. खोब्रागडेसाहेबाची सारी नोकरी हे लोकायले समजावण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यायनं बाजारातून एक साखळी, एक कुलूप अन् एक लाल टॅग आणला अन् व्हॅनमध्ये ठेवला. कोणी डोक्यावर पडलं का त्याची सायकल लॉक!

"हाड तुटलं तर ते बोंबलून सांगते, बोरकर," ते मले म्हणत. "डोक्याले लागलं तर डोकंच सांगते का मी ठीक आहे. मंग विचाराचं कोणाले?"

पहिलं कुलूप लागलं एका बड्या अफसराले. ते रविवारी हौसेनं येत. कुरुदच्या वळणावर कुत्रं आडवं आलं अन् अफसर डोक्यावर आपटले. साहेबानं साखळी टाकली. अफसर भडकले, "जानते हो मैं कौन हूँ?"

"मले माहीत आहे. तुमाले माहीत आहे का, ते पाहून राहिलो."

अफसरानं नाव सांगतलं, पद सांगतलं, डिपार्टमेंट सांगतलं. सगळं बरोबर!

"छान. आता घर कोणत्या बाजूले?"

अफसरानं ऐटीत हात लांब केला. तिकडं राजनांदगाव होतं. आम्ही त्यायले व्हॅनमध्ये घालून घरी सोडलं. रस्ताभर मले म्हणत होते का गलत जा रहे हो.

* * *

मंग साहेबानं प्रश्न पक्के केले. आज वार कोणता, रेस कुठली, सकाळी काय खाल्लं? तिन्ही बरोबर, तर सायकल मोकळी.

आमची पोरं काय कमी बदमाश आहेत? निघाच्या आधीच घोकून ठेवाले लागली. एकदा कोहक्याच्या चौकात संदीप पडला, तोच, हसळीवाला. साहेब व्हॅनमधून उतरतच होते, तर हा रस्त्यावर झोपल्या झोपल्या ओरडला, "रविवार! दुर्ग! पोहे!"

साहेबानं साखळी काढली.

"काका, सारं तर बरोबर सांगतलं!"

"बरोबर आहे रे बाप्पा. पण ते मांगच्या रेसचं आहे."

त्या दिवशी गुरुवार होता, साधी प्रॅक्टिस होती, अन् पोरानं माह्याच समोर इडली खाल्ली होती. तेव्हापासून साहेबानं प्रश्न बंद केले. "आता मी पाहून ठरवीन," म्हणाले. तिवारीनं कपाळावर हात मारून घेतला.

* * *

आमच्यात सायकल चालवाचा पगार भेटते तो एकटीले, पल्लवी वानखेडेले. कोहक्यात साहेबाच्या शेजारीच राहते. तिले सायकल शिकवली तीही साहेबानंच, मांगून सीट धरून. बाहेरच्या एका टीमनं तिले घेतलं तेव्हा साहेबानं साऱ्या गल्लीत पेढे वाटले होते. पण मांगच्या सीझनले ती पडली, गुडघा गेला, किती तरी महिने घरी बसली. टीमनं कळवलं का भिलाईच्या रेसमध्ये पहिल्या तिघींत आली तर ठेवू, नाहीतर नमस्कार.

आदल्या दिवशी टपरीवर ती साहेबाले म्हणे, "काका, उद्या ते कुलूप घरी ठेवा."

"कावून?"

"तुम्ही प्लांटात पडले असते तर मेडिकल लीव्ह भेटली असती. आमी पडलो तर आमची जागा दुसरीले भेटते. मले दुसरं काही येत नाही, काका."

"बिल्कुल सही!" तिवारी म्हणाले.

साहेबानं कप खाली ठेवला. मंग म्हणाले, "तुले शिकवताना मी सीट सोडली, तेव्हा तुले सांगतलं होतं का?"

"नाही."

"मंग कुलूपही सांगून नाही लावणार."

पल्लवीच्या डोळ्यात पाणी आलं. ती चहा तसाच टाकून उठून गेली. मले साहेबाचा भयंकर राग आला होता. पोरीच्या पोटापाण्याचा सवाल अन् हा माणूस साखळी घेऊन बसला!

* * *

रेस प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरच्या रस्त्यायवर होती. शेवटच्या फेरीत दोघी जणी पुढं निसटल्या. तिसऱ्या जागेसाठी पल्लवी सगळ्यात पुढं अन् तिच्या मांगं सात-आठ जणी चिकटून. शेवटच्या वळणावर कोणाचं तरी चाक तिच्या चाकाले घासलं अन् सारा ढीग खाली! पल्लवीचं डोकं डिव्हायडरले लागलं. हेल्मेट उभं चिरलं.

सगळ्यात आधी उठली तीच. फिनिशची कमान समोर दिसून राहिली होती. टीमचा मॅनेजर तिथंच उभा.

मी ब्रेक मारला. साहेब या वयात कसे पळाले मले माहीत नाही. तिवारीच्या आधी पोहोचले, साखळी मांगच्या चाकातून घातली, फ्रेममधून काढली, कुलूप लावलं, टॅग लटकवला.

"पल्लवी, खाली बस," म्हणाले.

तिवारी धापा टाकत आले. "साइकिल ठीक है?" अन् मंग कुलूप पाह्यलं. "चाबी दो! बच्ची की नौकरी है!"

"ज्यानं लावलं त्यानंच काढाचं."

"अरे, तुम आदमी हो कि ताला?"

 पल्लवीनं सायकल ढकलून पाह्यली. चाक फिरेना. मंग तिनं सायकल उचलली, खांद्यावर टाकली अन् पळत सुटली! पब्लिक पागल झाली. मांगं बाकीच्या पोरी अजून सायकली सोडवून राहिल्या होत्या. ही पायीपायी लाइन पार करून तिसरी आली. लाल टॅग पाठीवर हलत होता.

रेफरींनी नियम पाह्यला. सायकल अन् रायडर दोघं लाइनच्या पार पाहिजेत, बसूनच गेलं पाहिजे असं काही नव्हतं. तिवारीनं रेफरींले मिठी मारली. मी व्हॅनचा हॉर्न वाजवत राहिलो. स्टेजवर मेडल गळ्यात पडलं, मॅनेजरनं हात मिळवून म्हटलं, पुढच्या सीझनले तू आमच्याकडंच. ती हसली, मान हलवली.

सारे साहेबाच्या मांगं लागले. "काका, ताला हार गया!" संदीप तर नाचत होता. साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. चाबी मुठीत धरून नुसते स्टेजकडं पाहत होते.

सायकल व्हॅनले टेकवून ठेवली होती. पल्लवी गर्दीतून वाट काढत आली. गळ्यात मेडल, हातात फुलायचा गुच्छा.

"अब तो खोल दो, खोब्रागडे," तिवारी म्हणाले.

पल्लवीनं कुलूप पाह्यलं, टॅग पाह्यला, मंग साहेबाकडं पाह्यलं.

"काका, काढा न लवकर," ती म्हणाली. "माही रेस सुरू व्हाची आहे."