म्हशीखालचा साज

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या साडूइतकी जमीन कुणी उकरली नसेल. विहिरी खणणाऱ्यांनी नाही, आणि घुशींनी तर नाहीच. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. शिरोलीच्या एका फौंड्रीत आयुष्य गेलं, त्यामुळं त्याचं बोलणं भट्टीच्या वर चढणारं. त्याचा फोन आला की मी तो कट्ट्यावर ठेवतो आणि निवांत दाढी करतो, एक शब्द चुकत नाही. अंगात उत्साह तर असा, की लग्न कुणाचंही असो, वरातीत घोड्याच्या आधी हा घामाघूम. अशा माणसाच्या हातात देवानं पहार द्यायला नको होती. पण दिली.

झालं असं. महापुराच्या साली जयसिंगपूरच्या पुढं नदीकाठाला असलेलं त्याचं गाव रिकामं करायला लागलं. उघड्या घरात चोर शिरतात, म्हणून त्याच्या आईनं आपला सोन्याचा साज कुठंतरी पुरला आणि मगच ती होडीत बसली. पाणी उतरायच्या आत म्हातारीनं दवाखान्यात डोळे मिटले. उशाला साडू आणि मी, दोघंच. शेवटचं बोलली ते एवढंच, "म्हशीखाली हाय." आईचा साज लेकीचा, ही आमच्याकडची रीत. पण लेक, म्हणजे साडूची थोरली आक्का, सीमेपलीकडं दिलेली. रस्ते पाण्याखाली, तिला येताच आलं नाही. नंतर आली ती भांडायलाच. "म्हशीखाली? सोनं काय शेण हाय व्हय रं? खाल्लंस म्हणून सांग की सरळ!" असं म्हणून तिनं पाठ फिरवली. पुढच्या तीन भाऊबिजा साडूच्या कपाळाला कुंकू लागलं नाही.

म्हशीखाली म्हणजे गोठ्यात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण गोठा राहिलाच होता कुठं? पत्रे गेले, खुंटा गेला, वर हातभर गाळ बसला, आणि गाळ ओढायला आलेल्या जेसीबीनं घरामागचं सगळं परडं ताटासारखं सपाट करून टाकलं. मग साडू सुटला. दर रविवारी खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी मला फोन, "पावणं, आज घावतंय बघा!" एकदा फौंड्रीतनं भलंमोठं लोहचुंबक आणलं आणि दोरी बांधून परडंभर फिरवलं. मी म्हटलं, "शाळा मी बी बघितली न्हाय, पण सोनं चुंबकाला चिकटत न्हाय एवढं मला कळतंय." तर म्हणतो, "डबा लोखंडाचा असंल की!" घावलं काय, तर अर्धं खुरपं आणि बैलाचे तीन नाल. मग कुणीतरी सांगितलं, पायाकडनं जन्मलेल्या, पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं. साडूनं कुठनंतरी एक पायाळू धरून आणला. त्यानं आधी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारला, ढेकर दिला, आणि बोट दाखवलं ते शेजाऱ्याच्या नव्या भिंतीकडं! शेजारी काठी घेऊनच बाहेर आला.

अक्कल शेवटी माझीच कामाला आली, हे मी सांगूनच ठेवतो. पुरानंतर साडूकडं वैरण नव्हती, म्हणून म्हातारीची ती म्हैस मी कागलला माझ्याकडं आणली होती. परवा मी तिचा खुंटा हलवला, तर बाईसाहेब चरून आल्या आणि जुन्याच जागेवर जाऊन उभ्या. ओढली, दांडकं दाखवलं, हलायचं नाव नाही. माझ्या डोक्यात उजेड पडला. "साडू," मी फोनवर म्हटलं, "टेम्पो घेऊन ये. जागा म्हशीला इचारू."

परड्यात म्हैस उतरवली तेव्हा निम्मं गाव गोळा झालेलं. ती थांबली, हुंगली, खड्डे चुकवत चुकवत गेली, आणि साडूनं तीन वर्षं उकरलेल्या मातीचा जो डोंगर होता, त्याच्यावर चढून रवंथ करत उभी राहिली. साडूनं कपाळावर हात मारला. सगळं परडं उकरून माती नेमकी त्याच जागेवर टाकली होती! सहा जणांनी ढीग ओढला. पहारीचा ठण्ण आवाज आला आणि फडकं बांधलेला पितळी डबा वर निघाला. गाव ओरडलं, "उघड, उघड!" साडूनं डबा पोटाशी धरला. "न्हाय. आक्का आल्याबिगर न्हाय." आणि तिला फोन लावला. मला वाटतं, तो तिला फोनशिवायही ऐकू गेला असेल.

दुपारच्या एसटीनं आक्का आली. गाठ तिनंच सोडली. साज निघाला, गाळानं माखलेला. तिनं तो पदरानं पुसला, पण गळ्यात घातला नाही, हातातच धरून बसली. मग खाली बघत म्हणाली, "शेवटाला आई माझं काय बोलली का रं?"

साडूनं चेहऱ्यावरची माती पुसली. इतक्या हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "तुझंच नाव घेत हुती, आक्का. सारखं."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "व्हय का हो, पावणं?"

"व्हय," मी म्हटलं. "मी हुतो की तिथं."