‘फौरन’ न लिहिलेला अर्ज

पुढचं अक्षर न् अक्षर मी ईश्वराला स्मरून लिहितो आहे. ईश्वर मी मानत नाही; पण साक्षीला बोलवावं असं दुसरं कुणी आता हयात नाही. भूत, दृष्टान्त, अंगात येणं... यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

निजामाच्या अमलातली, चाळीस सालानंतरची गोष्ट. जळकोटला मी शाळामास्तर होतो. उर्दू लिहिता येई, म्हणून सरकारी डॉक्टरांना बोलावण्याचे अर्जही माझ्याकडंच येत. दवाखाना घोड्यावरून दोन तासांवर. गावाची रीत अशी, की दुखणं कसलंही असो, अर्जाच्या माथ्यावर ‘फौरन’, म्हणजे ताबडतोब, असं लिहायचं — नाहीतर आजाऱ्याचा अपमान! पाटलांच्या उचकीलाही मी ‘फौरन’ लिहिलं आहे. परिणामी डॉक्टर सवडीनं, आठवड्यानं येत.

खरी पारख माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोटावर हात ठेवून सांगायची, “ह्याला डाक्टर कशाला? ताक पाजा अन् निजू द्या.” दुसऱ्या दिवशी माणूस शेतात दिसायचा. उलट ती ‘गाडी जुंपा’ म्हणाली, की गाव बैलांकडं धावायचं.

एकदा माझीच बायको आदल्या दिवसापासून पोटदुखीनं कळवळत होती. बेंबीपाशी उठलेली कळ उजवीकडं खाली उतरली आणि दुपारी एकदम थांबली. मी खूश.

“आता बरं वाटतंय, वन्सं,” बायको म्हणाली. “उगं डाक्टर कशाला?”

आक्कानं तिचं पोट दाबून पाहिलं आणि माझ्यावर ओरडली, “अप्पा, दात काय काढतूस? पोट फळीवानी झालंय! कळ थांबली म्हणूनच भ्या. डाक्टर आन!”

“लिहितो, लिहितो. ‘फौरन’—”

“ते नगं! त्यो शब्द तू पाटलाच्या उचकीला खर्चून बसलास. पोटाचं तेवढं लिही.”

मी दोनच ओळी लिहिल्या — कळ अचानक थांबली. पोट फळीसारखं कडक. खाली सही केली. शाई वाळायच्या आत दारात मोटार थांबली. डॉक्टर तडक आत आले, बायकोला तपासलं आणि म्हणाले, “सोलापूर ले जाना. अब्भी के अब्भी.”

“साहेब, तुम्हाला कळवलं कुणी?”

त्यांनी खिशातून कागद काढला. अक्षर माझं, सही माझी, ओळी त्याच दोन. “मेज पे पडा था. पैली बार तुम ‘फौरन’ नै लिखे, मास्टर... मैं डर गया.”

माझा अर्ज माझ्या हातात होता — ओला. तो नेणारा घोडा अजून दारातच उभा.

सोलापुरात त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स आत फुटलं होतं, रात्र काढली असती तर बाई गेली असती, असं तिथले सर्जन म्हणाले. ती पुढं पस्तीस वर्षं माझ्याशी भांडली.

आधीच लिहून विसरला असाल, असं एका शहाण्यानं मला सुचवलं. पण पोट कडक झालं ते त्याच दुपारी... कागद दवाखान्यात कसा पोचला, ते मला आजही सांगता येत नाही. पारख मात्र आक्काची होती, आणि तिचा भाऊ म्हणवून घेताना माझी मान अजून ताठ होते.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातून त्या अर्जाचं रीतसर उत्तर आलं : आजारी व्यक्ती समक्ष हजर न झाल्यामुळं अर्ज नामंजूर.