फळ्यावरचा खडवलीचा फोटो

पोलीस नोकरीत केलेले खून-दरोड्यांचे तपास आता हळूहळू पुसट होत चालले आहेत. डोंबिवलीतला एका फोटोचा तपास मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चौकात एका मंडळाचा फळा होता. मंडळ त्यावर दर आठवड्याला एक प्रश्न लिही आणि लोक खाली आपलं मत चिठ्ठीवर लिहून टाचणीने लावत. पुढे कुणीतरी मतासोबत मासिकातलं चित्र कापून लावलं आणि सगळ्यांना चेवच आला. रस्त्यातल्या खड्ड्यांवरच्या मताशेजारी डुंबणारी म्हैस, पाण्याच्या तक्रारीशेजारी वाळवंट. बंदोबस्तावर जाता-येता मीही थांबून हसत असे.

त्या आठवड्याचा प्रश्न होता, 'लग्न ठरवताना मुलीचं मत घ्यावं का?' एका सकाळी त्याखाली 'घ्यावं' एवढीच चिठ्ठी लागली आणि सोबत खराखुरा फोटो. खडवलीच्या नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून एक तरुण आणि एक तरुणी खळखळून हसत होते.

मुलीच्या वडिलांनी तो फळ्यावरून उतरवला, पाकिटात घातला आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. मुलीचा साखरपुडा दुसरीकडे ठरलेला, अगदी तोंडावर आलेला.

"साहेब, लग्न मोडायचा डाव आहे हा. आत टाका त्याला!"

ठाणे अंमलदाराने तक्रार नोंदवून घेतली. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने खबर दिली, की फोटोतला पोरगा खाडीवरच्या कोळ्यांचा, केमिकल कंपनीत कामाला आहे आणि फळ्यापाशी नेहमी घुटमळतो. हवालदाराने त्याला आणून बाकावर बसवलं.

"तूच लावलास ना?" मी विचारलं.

"नाय साहेब. एकच कॉपी होती, ती तिला दिलेली. मी कशाला तिची बदनामी करू? आणि केस झाली तर माझी नोकरी जाईल."

मी आवाज चढवला, दरडावलं. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला नवा तपशील जोडतो; हा तेवढंच बोलत राहिला. माझी खात्री डळमळली.

फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. टाचण्या चेहऱ्यांपासून जपून लांब टोचलेल्या. आणि ज्यांना मी डाग समजलो होतो, ती चारही कोपऱ्यांवर लावलेली हळदकुंकवाची बोटं होती, लग्नपत्रिकेला लावतात तशी. बदनामी करणारा असली उठाठेव कशाला करील? एकमेव कॉपी मुलीच्या घरी होती, आणि हळदकुंकवाची बोटं घरातल्या मोठ्या बाईचीच असणार. मी तिच्या आईलाही बोलावून घेतलं.

"ताई, हळदकुंकू कुणी लावलं?"

वडील उसळले, "हिला काय विचारता?"

बाई भिंतीशी उभ्या होत्या. "मीच लावलं. फोटोही मीच लावला. शुभकार्याचं काही घराबाहेर काढायचं, ते कोरडं कसं काढू? पोरीला हा मुलगा पसंत आहे. कोळ्यांचा म्हणून यांनी विषय काढू दिला नाही. ती रोज रडतेय. माझं घरात ऐकत नाहीत; म्हटलं, सकाळी फिरायला निघाले की पहिला तो फळा तरी वाचतात. मत मागितलंच होतं की तिथे!"

हवालदाराने हसू लपवायला तोंड फिरवलं. वडिलांनी फोटो हातात घेऊन चारही कोपरे निरखले. मग ते बाकावरच्या पोराकडे वळले.

"सकाळपासून काही खाल्लंस का रे?"

"नाय."

"चल घरी. हिने स्वयंपाक करून ठेवला असेल."

तक्रार मागे घेतल्याचा जबाब झाला, स्टेशन डायरीत नोंद पडली. तिघं एकत्र बाहेर पडले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घरगुती तक्रार आली, की त्या घरात ज्याला कुणी विचारत नाही, त्याला मी आधी खुर्ची देत आलो.