गल्ली पुढे बंद आहे

मुलुंडमध्ये एखाद्या भिंतीवर कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर दिसला की एक जुनी घटना आजही आठवते आणि पाय आपोआप थांबतात. बायको म्हणते, "अहो, रिटायर झालात आता." तिचं बरोबर आहे, पण सवय जात नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

मी सिंधुदुर्गातल्या एका लहानशा वाडीतला. शाळा सातवीत सुटली. पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि या शहराने मला फौजदार करून घरी पाठवलं. एवढं मिळालं म्हणूनच असेल, पण मनात कायम धास्ती असायची की आपल्या हातून एखाद्याचं वाटोळं तर होणार नाही ना.

तेव्हा मी गुन्हे शोधपथकात हवालदार होतो. हमरस्त्याकडेचे कारखाने एकेक करून बंद पडत होते आणि त्या जागी टॉवरचे पाये खोदले जात होते. अशाच एका कारखान्याला लागून कामगारांची जुनी चाळ होती, बहुतेक कोकणातली माणसं. चाळीची गल्ली कारखान्याच्या उंच भिंतीपाशी संपायची; त्या भिंतीवर भाऊ नावाच्या स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर होता. त्या भागात भर दुपारी, बाजारातून परतणाऱ्या बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढल्या जात होत्या. चोर पायी पळायचा आणि गर्दीत नाहीसा व्हायचा.

खबर मिळाली ती गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पानवाल्याकडून. "साहेब, निळा शर्ट. माझ्या डोळ्यांदेखत आत पळाला. बाहेर काही आला नाही, आईशपथ."

गल्ली बंद, म्हणजे चोर चाळीतलाच. हिशेब सरळ होता. आम्ही खोल्या पाहिल्या. एका खोलीत निळ्या शर्टातला तरुण सापडला. अंगकाठी जुळत होती. फिर्यादी बाई म्हणाल्या, "असाच होता, पण चेहरा नाही हो पाहिला." साखळी मिळाली नाही. स्टेशन डायरीला नोंद करून त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

चौकशीत कळलं की पोरगा पोलीस भरतीत उतरलाय. मैदानी झाली, लेखी झाली, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. नावावर गुन्हा लागला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. त्या नोकरीने माणसाचं काय होतं ते माझ्याशिवाय कोण सांगणार?

"तू नाहीस ना? मग चोर गेला कुठे? भिंतीत जिरला?" मी विचारलं.

"साहेब, मी नाही केलं. तेवढंच सांगतो."

पथकातला माझा जोडीदार हसला. "बघ, भरती व्हायच्या आधीच वकिलासारखा बोलतोय."

खोटं बोलणारा माणूस बोलत राहतो, हा माझा अनुभव. हा पोरगा मात्र एकाच प्रश्नाला अडत होता. चाळीतही तेच. एरवी शेजाऱ्याचं सगळं सांगून मोकळी होणारी माणसं, चोर गेला कुठे म्हटलं की विचारायची, "साहेब, चहा घेणार ना?"

संध्याकाळी त्याची आई आली. बोलण्यावरून मी ओळखलं, ही आमच्याकडचीच. "गाव खंयचा?" मी विचारलं. गाव निघालं आमच्या खाडीपलीकडचं.

"माझो झील चोर न्हय," ती म्हणाली.

"मग खरं काय ते सांगा. मलाही त्याला सोडायचंच आहे."

तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आमच्या चाळीन देवाक गाऱ्हाणा घातलाहा. काय गोष्टी भायर काढूच्यो नाय." आमच्याकडे देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे शपथच, ती कुणी मोडत नाही. मग एकदम म्हणाली, "गल्लीत बॅनर आसा ना, त्या भाऊंचो वाढदिवस कधी असता ओ?"

"बाई, पोराचं बोला."

"पोराचाच बोलतंय."

ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी तिथेच विचार करत राहिलो. त्या भाऊंचा वाढदिवस उन्हाळ्यात झालेला, बंदोबस्ताला मीच होतो. आता नवरात्र तोंडावर आलं होतं. मुंबईत वाढदिवस उलटला की बॅनर टिकतो का? दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गळक्या पत्र्यावर जातो. अख्ख्या चाळीचे पत्रे गळत होते आणि हा एवढा मोठा फ्लेक्सचा तुकडा भिंतीवर तसाच. पावसाळाभर कुणी हात लावला नव्हता.

जोडीदाराला घेऊन गेलो. बॅनर फक्त वरून ठोकलेला होता. खालची कड उचलली, तर मागे माणूस वाकून जाईल एवढं भगदाड. पलीकडे रानगवतातून झिजून गुळगुळीत झालेली पायवाट.

मग चाळीची तोंडं उघडली. कारखाना चालू असताना गल्लीच्या टोकाचं फाटक चाळकऱ्यांसाठी उघडं असायचं. कामगार त्या वाटेने ड्युटीला जायचे, बायका पलीकडच्या बाजारात, पोरं शाळेत. जागा विकली गेली, फाटकाच्या जागी भिंत आली आणि दोन पावलांवरचा बाजार नाल्याला वळसा घालून दूर गेला. म्हणून रातोरात भगदाड पाडलं. सांगितलं असतं तर बुजवलं असतं. त्या पोराची आई पलीकडच्याच सोसायटीत पोळ्या करायला जायची.

पलीकडच्या रखवालदाराने सांगितलं, "बायकांचं येणंजाणं असतं साहेब. एक पोरगा मात्र पळतच येतो, मागच्या गेटला त्याची मोटारसायकल असते." आम्ही त्या गेटला सापळा लावला. काही दिवसांत निळा शर्ट सापडला. चाळीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मुद्देमाल मिळाला. आमचा पोरगा तर त्याआधीच, बॅनर उचलला त्याच संध्याकाळी, आईबरोबर घरी गेला होता.

पण पंचनाम्यात भगदाड लिहावंच लागलं. मी मोठ्या साहेबांना विनंती केली, साहेबांनी बिल्डरच्या मॅनेजरला बोलावून निदान एक लहान फाटक ठेवा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ठेवतो साहेब. उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची, तेवढं लिहून द्या." असं कोण लिहून देतो? आठवड्याभरात गवंडी आले आणि भगदाड बुजवून गेले.

पुढे तिथे दोन्हीकडे टॉवर झाले. चाळीचाही झाला. गल्ल्या होत्या तिथे पार्किंग आलं, रस्ते रुंद झाले, आणि प्रत्येक रस्ता कुठल्यातरी गेटपाशी संपतो. त्या पोराच्या अंगावर वर्दी आली. दर गणपतीला त्याचा फोन येतो आणि मी जातो. त्याच्या आईने त्या दिवशी मला वाट दाखवली नसती, तर तिच्या मुलाचं आयुष्य माझ्या सहीने बिघडलं असतं. तेव्हापासून कुणी गप्प बसलं की मी आधी बघायला लागलो, हा बोलला तर याचं काय बंद होईल?

गेल्या गणपतीत तिने मला खिडकीपाशी नेलं. समोर, भिंतीपलीकडच्या इमारतीत, जिथे ती पोळ्या करायची त्या घरातल्या आजी खुर्चीत बसल्या होत्या. हिने हात केला. त्यांनीही केला.

"त्येंका मोदक देवचे आसत," ती म्हणाली. "हात केलो तर दिसतत. जावचा झाला तर रिक्षा करूक लागता."