थाळीतले पेनड्राइव्ह

मला एका जागी बसता येत नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी घरातले सगळे पंखे उतरवून पुसले, नळांचे वायसर बदलले, चांगली चालणारी घंटी उघडून बिघडवली. शेवटी बायकोनं हात जोडले. "बाहेर काही तरी धरा बाप्पा, मले सुखानं जगू द्या." आमचा कॉम्प्युटर क्लब निघाला तो असा.

वस्तीच्या समाजभवनातली मागची खोली, एका कॉलेजनं टाकून दिलेली सहा मशीनं, दर रविवारी सकाळी नऊ ते बारा. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. मला सगळे सर म्हणायचे, आणि मीही सरासारखाच ओरडायचो. व्हायरसची मला भारी धास्ती. म्हणून दाराशी एक स्टीलची थाळी ठेवली होती. आत येणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या आणि पेनड्राइव्ह थाळीत टाकायचा. दाराजवळच्या मशीनला आम्ही नाका म्हणायचो. त्यात एकेक पेनड्राइव्ह लावून मी तपासणार, मग ज्याचा त्याला परत. कोणी थाळी चुकवून सरळ आत गेलं की माझा पारा चढायचा. "व्हायरस काय तुमचा जावई आहे का, सरळ घरात घेऊन राहिले?"

आणखी दोन नियम होते. क्लबमध्ये वापरायचा पेनड्राइव्ह बाहेर कुठल्याच मशीनला लावायचा नाही, भाच्याच्या लॅपटॉपलाही नाही. आणि बारा वाजता क्लबच्या मशीनांवरचं सगळं पुसून टाकायचं. दुसरी प्रत म्हणजे चोराला दुसरं दार, असं मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

हे नियम अक्षरशः पाळणारा एकच माणूस होता. खाप्याहून एसटीनं येणारे एक म्हातारे विणकर. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. आयुष्यभर हातमागावर लुगडी विणलेली, माग मोडीत निघून बरीच वर्षं झालेली. पहिल्यांदा आले ते कुठलासा फॉर्म भरायला शिकायला. शेजारच्या मशीनवर कोणी एक्सेल उघडलं होतं. काकाजी त्या चौकटींकडे बघतच राहिले. "सर, हा तं नक्षा आहे!" म्हणाले. एक चौकट म्हणजे एक धागा. चौकट लाल केली की लाल धागा, काळी केली की काळा. त्यांच्या वडिलांची काठांच्या नक्ष्यांची वही वाळवीनं खाल्ली होती. काठ उरले होते ते फक्त काकाजींच्या डोक्यात.

आणि डोळे चालले होते. काचबिंदू. डावा गेलेलाच होता, उजवा दिवसेंदिवस आकसत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत यायचं नाही. "हा एक हाये तोवर उतरवून घेतो सर," असं म्हणत ते नाक पडद्याला टेकवून चौकटी रंगवायचे. दीड वर्षात अडतीस काठ झाले. सगळे एका पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह रुमालात गाठ मारून. घरी नातीचा लॅपटॉप होता. त्याला लावायचा नाही म्हणून मी सांगितलं होतं, तर त्यांनी कधीच लावला नाही.

याच्या उलट आमचे कळमन्याचे भाऊ. बाजारात संत्र्यांची अडत, आवाज लिलावाचा. थाळी दिसली की पेनड्राइव्ह खिशातच ठेवून सटकायचे. एका रविवारी मी धरलं तर भर खोलीत म्हणाले, "सर, तुमच्या नाक्यानं आजवर एक तरी चोर धरला का गा? का वावरातलं बुजगावणंच आहे हे?"

सगळे खदखदून हसले. काकाजीसुद्धा हसले. मीही हसलो, पण आतून जळलो. कारण खरंच होतं ते, नाक्यानं कित्येक महिन्यांत काही पकडलं नव्हतं. तो आठवडा मला चैन पडली नाही. जेवताना तेच, फिरायला गेलो तरी तेच. शनिवारी दुपारी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी एक लिंक टाकली. बाकीच्यांना न सापडणारे व्हायरस पकडणारं सॉफ्टवेअर, एकदम फुकट. फुकटचं काही उतरवायचं नाही हा माझाच धडा. तरी मी समाजभवनाची किल्ली घेतली, मोबाइलचं नेट जोडलं आणि ते नाक्यावर चढवलं.

त्यानं ताबडतोब एक्केचाळीस व्हायरस दाखवले, लाल अक्षरांत. मला इतका आनंद झाला काय सांगू! येताना मी पावशेर जिलेबी आणली. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "चोर सापडले."

रविवारी मी ऐटीत दाराशी बसलो. थाळीत नऊ पेनड्राइव्ह पडले. नऊही मी माझ्या हातानं नाक्याला लावले आणि परत दिले. कळमन्याचे भाऊ नेहमीप्रमाणे सटकून आत गेले, आणि बाजारातून फोन आला म्हणून दहाच्या आत निघूनही गेले. त्यानंतर एक बाई म्हणाल्या की फोटो उघडत नाहीयेत. मग दुसरे कोणी म्हणाले. मग काकाजींचा आवाज आला, अगदी हळू.

"सर, मले काठ दिसून नाही राहिले. डोळा गेला का काय हा बी?"

मी धावलो. अडतीसही फायलींच्या नावांना वाकडंतिकडं शेपूट लागलेलं. एकही उघडेना. नाक्याच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली होती की तुमच्या फायलींना कुलूप घातलं आहे, पैसे भरा. एकाच सुईनं मी नऊ जणांना टोचलं होतं, आणि ती सुई काल मीच नालीत बुडवून आणली होती.

"डोळ्याले काही नाही झालं काकाजी," मी म्हणालो. "फाइल गेली."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग मी काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खुर्चीवर बसले.

मागून कोणीतरी म्हणालं, "हे कळमन्यावाल्याचंच काम. तो कधी थाळीत टाकतो का?" तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो, पण काय? "किती वेळा सांगितलं होतं त्याला!" एवढंच. आणि संध्याकाळी भाऊंना क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं. त्यांचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही.

बाकीच्यांचं फारसं गेलं नव्हतं, फोटो मोबाइलमध्ये होतेच. गेलं ते काकाजींचं. मी दोन-तीन जाणकारांकडे तो पेनड्राइव्ह घेऊन फिरलो, सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली. क्लबला कुलूप लावलं. घरात येरझाऱ्या घालून घालून बायकोला वीट आणला. मग एका मंगळवारी माझा लॅपटॉप घेऊन खाप्याची एसटी धरली.

काकाजी ओसरीवर बसून सांगायचे, मी चौकटी भरायचो. "लाल चार. काळा एक. पांढरे दोन. काळा एक." मधेच थांबायचे, बोटं हवेत माग चालवल्यासारखी हलायची, मग म्हणायचे, "नाही, उसवा. तीन ओळी उसवा." मी तीन ओळी पुसायचो. आठवड्यातून दोनदा जायचो. एक ओळ आठवायला कधी अर्धा तास लागायचा. माझे पाय वळवळायचे, पण मी बसून राहायचो. तीन महिन्यांत अकरा काठ झाले.

सुरुवातीला प्रत्येक ओळ ते नाक टेकवून तपासायचे. मग दोन ओळींनी एकदा. मग एका शुक्रवारी मी लॅपटॉप पुढे केला तर त्यांनी हातानंच बाजूला सारला. "आता मले उजेड तेवढा समजते सर. तुम्ही भरलं ते बरोबरच असन. तुम्ही कायले खोटं बोलान?"

मी उठलो. अंगणातल्या नळापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. परत येऊन उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. ती लिंक, तो शनिवार, जिलेबी, नाका. कळमन्याच्या भाऊंचा काडीचा दोष नव्हता, हेही.

काकाजींनी ऐकून घेतलं. शिवी देतील असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

"त्याले सांगतलं का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग माह्यापाशी काहून येऊन बसले?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कळमन्याला पोचलो. लिलाव नुकता संपला होता. भाऊ संत्र्यांच्या ढिगाशी उभे होते. मला पाहिलं आणि मान फिरवली. हमालांच्या देखतच मी सांगितलं, चूक माझी होती आणि नाव तुमचं झालं. मग त्यांनी जे तोंड सोडलं! "तीन महिने झाले सर! लोकं तोंड फिरवून राहिले माह्याकडून. बायको विचारते, रविवारी काहून घरीच बसता? काय सांगू तिले? एक फोन तं उचलायचा होता!" मी खाली मान घालून ऐकलं. बोलून बोलून दमले तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग कोणाचं काय गेलं?"

"काकाजींचे काठ."

"कोणते?"

"सगळे."

ते एका खोक्यावर मटकन बसले. "मले कोणीच सांगतलं नाही," म्हणाले. मग गल्ल्याच्या मागून एक पेनड्राइव्ह काढला. त्या घटनेच्या दोन रविवार आधी, काकाजी चहाला उठले असताना, भाऊंनी त्यांचे काठ आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. बायकोला दाखवायला. विचारलं नव्हतं, कारण मी ओरडलो असतो. छत्तीस काठ. तीन महिने ते माझ्या घरापासून अर्ध्या तासावर पडून होते.

त्याच दुपारी त्यांच्या गाडीनं आम्ही खाप्याला गेलो. ओसरीवर लॅपटॉप ठेवला, पेनड्राइव्ह लावला. पहिला काठ उघडला, लालभडक, एकही चौकट इकडची तिकडे नाही. काकाजी वाकले. नाक पडद्याला टेकवलं. मान एका बाजूला कलवून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला.

"उघडला का?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी तोंड फिरवलं. ते मला फोन करत होते तेव्हा काकाजींना दिसत होतं. मी उचलला असता तर काकाजींनी छत्तीसही काठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असते. ते मी घालवलं, व्हायरसनं नाही.

"हव, उघडला," मी म्हणालो.

"वाचा मंग."

मी वाचायला लागलो. लाल चार, काळा एक, पांढरे दोन. मला घाई झाली होती, दोन ओळी भराभर वाचून गेलो. काकाजींनी चाचपडत माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश वाचा ना सर," ते म्हणाले. "पाहून राहिलो मी."