मगरिबपर्यंत टिकणारा साबण

जयगडच्या खाडीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवर युसुफ लाँचवाल्याचं घर होतं. त्याची बायको बिल्किस त्या घरात राहायची असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात ती कुठल्याच खोलीत सापडत नसे. पुढच्या दारात हाक मारावी तर ओ विहिरीवरून यायची. विहिरीवर जावं तर बाई माळ्यावर खोकी उलथत असायची. चहाचा कप हातात घेऊन ती चार वेळा उठायची आणि शेवटी तो चहा मांजर प्यायचं. सासू म्हणायची, ‘‘हिच्या पायाला भिंगरी हाय, जनमताना लावून आलीय.’’ ही सासू म्हणजे बिल्किसच्या बापाची सख्खी बहीण. त्यामुळे लग्नाआधीही ती फुफी होती आणि लग्नानंतरही फुफीच राहिली. फक्त आधी लाड करायची, ते काम तिनं लग्नानंतर बंद केलं.

असं असूनही गावच्या बायका बिल्किसला हुडकत यायच्या. अठ्ठ्याण्णव सालापासून पुढची सहा-सात वर्षं त्या टापूत कुठलाही परदेशी साबण आधी बिल्किसच्या अंगाला लागल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागला नाही. युसुफ दुबईच्या एका लाँचवर होता. लाँच म्हणजे लाकडी मालवाहू जहाज; सिमेंट, कांदे, खजूर, काय मिळेल ते घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचं. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की तो घरी यायचा आणि सोबत एक फुगलेली बॅग आणायचा. तिच्यात गुलाबाचे साबण, चमेलीचे साबण, उदाच्या वासाचे साबण, अंगाला लावायचं पातळ साबणाचं पाणी, न्हाणाच्या पाण्यात टाकायचं रंगीत मीठ आणि ओठांना लावायच्या कांड्या. त्यातलं घरापुरतं ठेवून बाकीचं बिल्किस विकायची.

अडचण एवढीच होती की, डिझेलच्या धुरात वीस वर्षं काढल्यामुळे युसुफचं नाक कामातून गेलं होतं. त्याला गुलाब आणि घासलेट सारखंच. मग तो चित्र बघून माल उचलायचा. एका वर्षी त्यानं पांढऱ्याशुभ्र कुत्र्याचं चित्र असलेल्या सहा बाटल्या आणल्या. कुत्रा कंपनीची खूण असेल असं धरून बिल्किसनं दोनदा डोक्यावरून न्हाऊन घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, यंदाचा सगळ्यात झकास माल हाच. तिसऱ्या दिवशी सातवीतल्या हुदानं, म्हणजे तिच्या लेकीनं, बाटलीवरचं इंग्रजी वाचलं. ते कुत्र्याला न्हाऊ घालायचं होतं. फुफीनं बिल्किसला एक दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. युसुफ मात्र ओटीवर बसून पोट धरून हसत होता. ‘‘केस तर चमकतायत की,’’ म्हणत होता.

तेव्हापासून ती जास्तच कसून परीक्षा घ्यायला लागली. त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्या पाण्यात ज्याला फेस येईल तोच साबण खरा, ही पहिली पायरी. दुसरी, वास किती टिकतो. हे मोजायला तिला घड्याळ लागत नसे. सकाळी न्हाऊन कामाला लागायचं आणि प्रत्येक नमाजाला मनगट हुंगायचं. बरेचसे साबण दुपारच्या जोहरला दमायचे. काही तिसऱ्या प्रहरच्या असरपर्यंत कसेबसे पोचायचे. धुणं, भांडी, मासळी, चूल यांतून पार पडून जो दिवस मावळतानाच्या मगरिबला अंगावर राहील तो अव्वल. ‘मगरिबचा साबण’ असा शब्दच तिनं गावात रूढ केला. तरुण पोरी दबक्या आवाजात विचारायच्या, इशाचा हाय काय गो? म्हणजे रात्रीच्या नमाजापर्यंत टिकणारा. ती म्हणायची, ‘‘तो फकस्त नव्या नवरीला देतंय.’’

ओठांच्या कांडीची परीक्षा जेवणात व्हायची. कांडी लावून आमटी-भात जेवायचा, आणि नंतर ओठांवर काय उरलं ते बघायचं. वरच्या वाडीतली चिमा डोक्यावर भाजीची पाटी घेऊन यायची. थंडीत तिचे ओठ रक्त येईपर्यंत फुटायचे. तिनं चेरीच्या वासाची कांडी मागितली, तर बिल्किस देईना.

‘‘ही नको घेऊ. दोन घासात पोटात जाते.’’

‘‘जाऊ दे की. पोटाला तरी बरा वास लागंल,’’ चिमा म्हणाली आणि कांडी घेऊनच गेली.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात युसुफची लाँच दुबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बोसासोला निघाली. माणसं तेरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचल्याचा फोन यायला हवा होता, तो आला नाही. नाक्यावरच्या फोनवाल्याकडे बिल्किस दिवसातून तीनदा जायला लागली. तो बिचारा तिला लांबून बघूनच मान हलवायचा. लाँचच्या मालकाची माणसं आधी वादळ म्हणाली, मग चाचे म्हणाली, मग ‘बेपत्ता’ म्हणाली आणि तिथंच थांबली. पावसाळा आला, बाकीच्या घरांतले पुरुष आले, बॅगा उघडल्या गेल्या. युसुफची बॅग आली नाही.

बेपत्ता हा फार वाईट शब्द आहे. मेला म्हटलं तर रडता येतं, आहे म्हटलं तर वाट बघता येते. बेपत्ता माणसाच्या बायकोनं करायचं काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. नवरा गेला की त्यांच्यात बाईनं चार महिने दहा दिवस इद्दतला बसायचं असतं: घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, सुरमा नाही आणि सुगंध तर अजिबात नाही. म्हणजे बिल्किसच्या अंगाला साबणाचा वास येतोय तोवर युसुफ जिवंत आहे, असा सरळ हिशेब झाला. हा हिशेब तिनं कुणाला सांगितला नाही. पण रोज सकाळी ती चांगल्यातला चांगला साबण काढून न्हायला लागली.

ती पूर्वी एकदा न्हायची, आता दोनदा न्हायला लागली. वास उतरतोय असं वाटलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. हातातलं काम टाकून ती न्हाणीत शिरायची. मासे कापता कापता उठायची, मनगट हुंगायची, परत बसायची, परत उठायची. ओठांची कांडी ओढणीच्या गाठीत बांधलेली असायची. दुपारी जेट्टीवर जाऊन यायची, घरी आली की पुन्हा जावंसं वाटायचं. दुसऱ्या घरचे खलाशी आता आपला माल तिच्याकडे परीक्षेला द्यायचे. सगळ्यांना वाटायचं तिच्या हाताला काम आहे, बरं आहे. तिला मात्र एकच भीती होती. एखाद्या मगरिबला आपल्या अंगाला काहीच वास आला नाही तर?

गावानं बोलायचं ते बोललं. नवरा पाण्यात आणि हिचे ओठ चमकतात. सगळ्यात जास्त बोलायची फुफी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, माणसं तिला सावलीएवढीच दिसायची. रत्नागिरीला नेऊन डोळे करून आणू म्हटलं तर ऐकायची नाही. ‘‘युसुफ येऊ दे. तो नेईल,’’ म्हणायची. दिवसभर ओटीवर बसून असायची, आणि बिल्किस न्हाऊन जवळून गेली की नाक वर करायची.

‘‘आज चमेली. काल गुलाब. माजा पोर कुठं हाय ठावं नाय आणि हिचा बाग फुललाय. लाज कशी ती नाय.’’

एकदा चिमा भाजी मोजताना हे ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘म्हातारे, आमच्यात असती तर कुकू लावूनच फिरली असती ना? तसाच हिचा साबण.’’ फुफीनं तिला त्या दिवशी भाजी न घेताच वाटेला लावलं.

दोन वर्षं अशी गेली. मग दोन हजार चारच्या ऑगस्टात मालकाचं पत्र आलं. सोकोत्रा बेटाच्या किनाऱ्याला लाँचचं पाण्याचं पिंप सापडलं होतं, त्यावर लाँचचं नाव होतं. माणसं बुडाली असं धरावं, असं त्यानं लिहिलं होतं. मौलवीसाहेबांनी दोन दिवस किताबं बघितली आणि सांगितलं की, आता इद्दतला बसायला हरकत नाही. लोक बिल्किसला समजवायला आले, पण तिला समजवायची गरज उरली नव्हती. युसुफनंच तिला एकदा सांगितलं होतं की, ते पिंप मधल्या खांबाला साखळीनं जखडलेलं असतं; लाँच फुटल्याशिवाय ते सुटत नाही. पिंप सुटलं होतं. मौलवीसाहेबांना हे ठाऊक नव्हतं, तिला होतं.

शनिवार ठरला. सकाळी दहाला नात्यातल्या बायका येणार होत्या. बिल्किस उठली, नुसत्या पाण्यानं न्हाली, हुदाच्या हाती सगळे साबण आणि कांड्या माळ्यावर पाठवल्या आणि पांढरी ओढणी घेऊन ओटीवर आली.

फुफी तिच्याकडे बघत म्हणाली, ‘‘कोण गो?’’

बिल्किसला वाटलं, मुद्दाम विचारतेय. ‘‘मी,’’ ती म्हणाली.

‘‘मी कोण?’’

‘‘बिल्किस.’’

म्हातारीनं हात पुढं केला. बिल्किस खाली बसली. फुफीची बोटं तिच्या कपाळावरून, गालावरून आली आणि ओठांवर थांबली. ओठ कोरडे होते.

‘‘साबण संपला काय?’’ तिनं विचारलं.

‘‘नाय. हाय.’’

‘‘मग?’’

‘‘आज शनवार, फुफी. बायका यायच्यात.’’

‘‘येऊ देत. तू जा, लावून ये.’’

बिल्किसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ‘‘फुफी, तूच तर रोज...’’

‘‘मी बोलायचीच,’’ फुफी म्हणाली. ‘‘रोज सकाळी मी इथं नाक लावून बसायची. वाटायचं, आज हिला वास नाय आला तर हिला कळलंय काय तरी. वास आला की जीव भांड्यात पडायचा. मग शिव्या द्यायची. तुज्यावर माजा दिस जायचा गो.’’

‘‘मला काय ठावं नव्हतं फुफी. मी आपली उगाच लावायची.’’

‘‘ठावं नव्हतं तरी लाव. आजचा दिस लाव. उद्यापासून बस.’’

बिल्किस रागावली. तिला खरोखर राग आला. दोन वर्षं जिनं गावभर आपली अब्रू काढली, तीच आता हे मागत होती. आणि तेही ज्या सकाळी आपण मोठ्या मुश्किलीनं मन घट्ट करून आलो त्याच सकाळी. युसुफ मेला आहे हे तिला एकटीलाच पुरतं ठाऊक होतं. एक वाक्य बोलली असती, पिंपाच्या साखळीचं, तर फुफीही तिच्याबरोबर रडायला बसली असती. ते वाक्य तिच्या कोरड्या ओठांपर्यंत आलं. समोर म्हातारी नाक किंचित वर करून, श्वास धरून बसली होती.

बिल्किस उठली आणि माळ्यावर गेली.

बायका आल्या तेव्हा फुफीनं दारातच सांगितलं, ‘‘आज नाय. हिला ताप आलाय.’’ घरभर गुलाबाचा वास सुटला होता. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्या पाखाडी उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी फुफी पुन्हा म्हणाली, ‘‘आजचा दिस लाव.’’ तिसऱ्या दिवशी तिला म्हणावं लागलं नाही.

हा ‘उद्या’ चौदा महिने लांबला. बिल्किस पूर्वी स्वतःसाठी न्हायची, आता फुफीसाठी न्हायला लागली, आणि हे पहिल्यापेक्षा कितीतरी जड होतं. आता वास टिकला काय आणि उडाला काय, तिच्या मनात आशा नव्हती. तरी एक दिवस चुकवायची सोय नव्हती. साठा संपला तशी ती रत्नागिरीच्या बाजारात जाऊन दुकानामागून दुकान पालथं घालायची, गर्दीत उभी राहून वड्या हुंगायची, आणि असरच्या आत घर गाठायला धावत एसटी पकडायची. गावानं तिच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं; मौलवीसाहेबांनी सांगितलेलंही जिनं ऐकलं नाही, तिच्याकडून साबण कोण घेणार? एकटी चिमा यायची. आणि फुफी? फुफी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘‘काय करू, सून ऐकत नाय.’’ आत बिल्किस हे ऐकायची आणि पुढच्या कामाला जायची.

दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात फुफी तापानं गेली, चार दिवसांत. शेवटच्या सकाळी बिल्किस जवळ वाकली तेव्हा तिनं नाक हलवलं आणि हळूच पुटपुटली, ‘‘चमेली.’’ दुपारी तिला कबरस्तानात नेलं. पुरुष परत आले, ओटीवर चटया घातल्या, घरात बायकांची दाटी झाली. इतक्या माणसांचं चहापाणी, सगळं करायचं होतं आणि बिल्किस कुठं दिसेना. युसुफची मावसबहीण तिला हुडकत आतल्या खोलीत आली. बिल्किस नुसत्या पाण्यानं न्हाऊन, भिंतीला टेकून बसली होती.

‘‘ऊठ गो, लोक आलेत. बसलीस काय अशी?’’

‘‘इद्दतला बसलंय.’’

मावसबहिणीला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. ती तिच्या शेजारी टेकली, तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘सासूसाठी इद्दत नसते, येडे.’’

‘‘सासूची नाय,’’ बिल्किस म्हणाली. ‘‘युसुफची.’’